फ चं तोंड

बडीशेप. दोन मुठी, एकदम तोंडात.

अमृताची मोरांची चादर.

नऊ मुली. आठ खाली बसलेल्या, नववी उभी.

टपरीच्या खांबाला टांगलेला सुंभ. टोक सदा धुमसतं. गिऱ्हाइकानं वाकायचं, पेटवायचं, निघायचं.

"साहेब, एका माणसाला किती?"

लुनाच्या कॅरिअरला आडवी बांधलेली, तोफेसारखी दिसणारी एक वस्तू.

फ. मराठीतलं बाविसावं व्यंजन.

या सात गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं असतं! रविवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मलाही तो माहीत नव्हता.

नीट सुरुवात करतो.

मी सुदर्शन. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. एकोणीस वर्षं! चुका शोधणं हा माझा धंदा. केसाच्या दहाव्या भागाएवढा फरक असला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. लग्नात पंगतीला बसलो, की जिलबी वाढेपर्यंत वाकड्या लागलेल्या पत्रावळ्या माझ्या मोजून झालेल्या असतात. म्हणून आमच्या कॉलनीची बाग धूरमुक्त करायचं ठरलं (म्हणजे मी ठरवलं, कल्पना शंभर टक्के माझी!) तेव्हा त्यात काही चुकेल, ही शंकासुद्धा माझ्या मनाला शिवली नाही.

कारण होतं प्रेरणा. आमची मुलगी, वय वर्षं नऊ, पायांत चाकं, छातीत दमा. शाळेच्या खो-खोच्या संघाची निवड पंधरा दिवसांवर आलेली, आणि मुलींचा सराव रोज संध्याकाळी सहा ते सात आमच्याच बागेत. बाकीच्या मुली पळायच्या, ही दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कठड्याला हनुवटी टेकवून "खो!" म्हणून ओरडायची. गॅलरीतून खो देता येत नाही. पण ती द्यायची.

डॉक्टर म्हणाले होते, "पळू द्या तिला खुशाल. फक्त धुरात पळू देऊ नका."

आणि सिडकोतल्या आमच्या बागेत संध्याकाळी काय असायचं? धूर! चार बाक, प्रत्येक बाकावर दोन-तीन माणसं, प्रत्येक माणसाच्या तोंडाला एक धुराडं. वाळूजच्या एमआयडीसीतसुद्धा इतकी धुराडी एका रांगेत नाहीत.

अमृतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, निकाल दिला. "बागेतला धूर थांबला, तर प्रेरणा बागेत. नाहीतर खो-खो बंद. मला रात्रभर पंप घेऊन उशाशी बसायची हौस नाही."

"थांबला समज!" मी म्हणालो.

"कोण थांबवणार?"

"मी!"

अमृतानं माझ्याकडं पाहिलं. नवीन प्रेशर कुकरची शिट्टी पहिल्यांदा होते, तेव्हा बायका पाहतात तसं.

माझी योजना साधी होती. दंड नाही, दमदाटी नाही. मनाईच्या पाट्या शहरभर आहेत, आणि त्यांच्याच खाली उभं राहून, त्यांनाच टेकून, लोक निवांत ओढत असतात. आपण मनाई करायची नाही. विनंती करायची! लोकांनी स्वेच्छेनं ठरवायचं, की जिथं लेकरं खेळतात तिथं आपण ओढणार नाही. घरोघरी सह्या घ्यायच्या, रविवारी छोटा कार्यक्रम, एक सुंदर पाटी, आणि प्रेरणाच्या हातून उद्घाटन. लगेच सराव सुरू!

पहिलं घर कडुबा आप्पांचं.

कडुबा आप्पा म्हणजे कॉलनीतलं सर्वांत जुनं खोड. शेती फुलंब्रीला, घर सिडकोत आणि बूड कायम बागेतल्या कडुलिंबाखालच्या बाकावर. बिडी अशी ओढतात, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथं विटा भाजतायत.

"आप्पा, इथं सही करा."

"कशापायी?"

"बागेत कुणी बिडी-सिगारेट ओढायची नाही. लेकरं खेळतात ना. सगळ्यांनी स्वेच्छेनं ठरवायचं."

"स्वेच्छेनं म्हंजी?"

"म्हणजे आपल्या मर्जीनं."

"आसं व्हय! मंग माझी मर्जी नाय."

स्वेच्छेची ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती!

मी प्रेरणाचा दमा सांगितला. आप्पा जरा विरघळले, पण पुरते नाहीत. "लेकराचं खरं हाय, बाबा. बरं, आसं कर. माझा पुतण्या हाय ना सत्यम, बिडकीनचा? त्यानं डास मारायची धुराची मशीन घेतली. पयल्या बारीला फुकट धूर मारून देतो म्हनं. कॉलनीत त्याची तेवढी जाहिरात लाव. मंग करतो सही."

"लावतो की!"

"पक्कं?"

"आप्पा, तुम्ही सही करा हो!"

आप्पांनी सही केली. आप्पांची झाली म्हटल्यावर बाकीच्या बाकांचीही झाली. जाहिरातीचं मी दुसऱ्या मिनिटाला विसरलो. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

राहिला पुंजाराम. त्याची पानटपरी बागेच्या फाटकाला अशी चिकटलेली, की फाटक उघडलं की टपरी हलते.

"पुंजाराम, तू फक्त सहा ते सात एवढा वेळ सुंभ विझवायचा. गिऱ्हाइकांना सांगायचं, जरा पलीकडं जाऊन ओढा."

"सुंभ इझला, की गिऱ्हाईक फुडच्या टपरीवर जातंय साहेब. आमचं पोट हाय त्याच्यावर." मग तो पानाला चुना लावत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "आन हे तुमी मला सांगताय?"

मी घाईघाईनं विषय बदलला. सही नाही ती नाहीच.

आता पाटी.

पाटी फ्लेक्सची करायची नाही, हे मी ठरवलंच होतं. शहागंजच्या नईमभाई पेंटरांना गाठलं. चाळीस वर्षं हातात ब्रश. मराठी, हिंदी, उर्दू, कुठलीही लिपी सांगा, अक्षर असं काढतात की भिंतीनं लाजावं. कान थोडे म्हातारे झालेत एवढंच.

"साहब, मजकूर व्हॉइस मेसेज कर दो. मैं सुनता जाऊँगा, लिखता जाऊँगा. चष्मा लगाके मोबाइल में पढना अपने से नक्को."

"शुद्धलेखन बघा हं, नईमभाई."

"चालीस साल में एक वेलांटी गलत नहीं गई. जो सुनूँगा, वोच लिखूँगा!"

शुक्रवारी कंपनीच्या बसमधून उतरलो आणि मेसेज पाठवला. मजकूर असा: "लहान मुलांसाठी धूरमुक्त परिसर. स्वेच्छेने सहभागी व्हावे."

मी तेव्हा कुठं उभा होतो, ते महत्त्वाचं नाही. माझ्या तोंडात तेव्हा दोन मुठी बडीशेप होती. का होती, तेही महत्त्वाचं नाही. पुढं चला.

शनिवारी मला ओव्हरटाइम. दुपारी बारा वाजता नईमभाईंनी पाटी लावून फोटो पाठवला. फोटोत बाग, फाटक, कडुलिंब, नईमभाईंची सायकल, आणि मध्ये नखाएवढी पाटी. माझ्या हातात त्या वेळी गेज होता, समोर तीनशे नग पडले होते. मी मोठं करून न बघताच अंगठा पाठवला. एकोणीस वर्षांत न तपासता पास केलेला पहिला माल!

ठरल्याप्रमाणं नईमभाईंनी पाच वाजता पाटीवर चादर टाकली. चादर मोरांची, मी सकाळीच त्यांच्याकडं देऊन ठेवलेली.

म्हणजे बारा ते पाच पाटी उघडी होती. पाच तास! या शहरात एखादी गोष्ट पसरायला पाच मिनिटं लागतात. उरलेले चार तास पंचावन्न मिनिटं ती फुगायला.

रविवार. संध्याकाळचे पाच.

मी इस्त्रीचा शर्ट घालून बागेत आलो आणि थक्क झालो. गर्दी! मला वाटलं होतं, पंधरा माणसं येतील. इथं फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग! कॉलनीतले होतेच, पण कधी न पाहिलेली माणसंही होती. कंपन्यांच्या बसचे ड्रायव्हर, दोन रिक्षावाले, सकाळच्या शिफ्टचे चार गणवेशवाले. सगळे शिस्तीत उभे. माझा ऊर भरून आला. समाज जागा होतो, तो असा!

रांगेतल्या पहिल्या माणसानं अदबीनं विचारलं, "साहेब, एका माणसाला किती?"

"एका माणसाची एकच!" मी वही पुढं केली. मला वाटलं, सह्यांचं विचारतोय.

"एकच?" तो मागं वळून म्हणाला, "एकच देतायत रे!" रांगेत नाराजी पसरली. "बरं, आणि ब्रँड कोणता?"

स्पीकर खरखरत होता. मला 'बँड' ऐकू आलं.

"बँड नाही हो! साधा कार्यक्रम आहे. फक्त भाषण."

"भाषण ऐकल्यावर मिळणार का?"

"भाषणातच मिळणार!" मी म्हणालो. प्रेरणा मिळणार, असं मला म्हणायचं होतं.

आमची खरी प्रेरणा पाटीपाशी उभी होती. निळी चड्डी, पांढरा शर्ट, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. मैदानात तिच्या आठ मैत्रिणी ओळीत एकाआड एक तोंडं करून आधीच बसलेल्या. नववी जागा रिकामी होती. प्रेरणा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. "पप्पा, लवकर! ओढू का चादर?"

"थांब, आधी भाषण."

भाषण मी थोडक्यात आवरलं. फक्त बावीस मिनिटं. त्यात मी क्वालिटीतला 'पाच वेळा का' हा नियमही समजावून सांगितला. कुठलीही चूक झाली की 'का?' असं पाच वेळा विचारत जायचं. पाचव्या 'का'ला खरं कारण हाताला लागतं. "दुसऱ्याकडं बोट दाखवू नका! पाच वेळा का विचारा!" टाळ्या फक्त अमृतानं वाजवल्या. त्याही 'संपवा आता' अशा अर्थाच्या.

"ओढ बेटा!"

प्रेरणानं चादर ओढली. मोर खाली पडले.

रांगेतून कुणीतरी मोठ्यानं वाचलं:

"लहान मुलांसाठी धूर मुफ्त परिसर. स्वेच्छेने सहभागी व्हावे."

मुफ्त!

मुक्त नव्हे, मुफ्त! हातभर उंचीचा, झुपकेदार, शेपटीला गोलाई दिलेला, हिरव्या रंगाचा, सोनेरी किनारीचा फ! चाळीस वर्षांची कला त्या एका फ मध्ये उतरली होती!

"बघा, लिहिलंय की मुफ्त!" बसचा ड्रायव्हर म्हणाला. "वाटप कधी सुरू?"

"पन लहान मुलांसाठी म्हनं रे."

"मंग आपल्याला नाय व्हय?"

आणि हसू फुटलं. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या, गणवेशवाले गुडघ्यांवर हात ठेवून हसत होते, एक रिक्षावाला तर हसता हसता दुसऱ्याच्या रिक्षात जाऊन बसला. हसली नाही फक्त प्रेरणा. ती पाटीकडं, मग माझ्याकडं, मग मैदानातल्या रिकाम्या जागेकडं बघत होती.

नुकतंच मी काय सांगितलं होतं? दुसऱ्याकडं बोट दाखवू नका. मी बोट दाखवलं.

"नईमभाई! काय करून ठेवलंत हे? मी मुक्त सांगितलं, तुम्ही मुफ्त लिहिलंत! चाळीस वर्षं काय ब्रश हलवलात नुसता?"

नईमभाई शांतपणे पुढं आले. "साहब, जो सुन्या वोच लिख्या. मैं समझ्या मच्छर का धुआँ होगा, बच्चों के वास्ते. नेक काम है, इसलिए किनार सोनेरी मारी."

"अहो, मी स्पष्ट म्हणालो होतो, मुक्त!"

"मेरे पास रखेला है मेसेज. सुना दूँ?"

"सुनवा!" मी गर्जलो. "सगळ्यांना ऐकू द्या! होऊन जाऊ दे दूध का दूध!"

आता एक बारीक तपशील. स्पीकर माझ्या फोनला जोडलाच जाईना, म्हणून सकाळपासून तो नईमभाईंच्या फोनला जोडलेला होता.

जे ऐकू आलं, ते जसंच्या तसं देतो. माझी इच्छा नाही. पण कॉलनीतल्या सगळ्यांना पाठ झालंय, तर तुमच्यापासून काय लपवायचं.

*(बसचा हॉर्न.)*

*माझा आवाज: पुंजाराम, नेहमीची दे.*

*पुंजारामचा आवाज: घ्या साहेब. काडी?*

*माझा आवाज: कशाला? सुंभ आहे की.*

*(ओढल्याचा आवाज. लांब. समाधानाचा. फूऽऽऽ.)*

*पुंजारामचा आवाज: बडीशेप घ्या. वैनीला वास येईल.*

*माझा आवाज: दोन मुठी दे. (कुरुम कुरुम.) हां नईमभाई, लिहा. लहान मुलांशाठी... (खोकला)... धूर... मुफ्त... परिशर! श्वेच्छेने...*

*पुंजारामचा आवाज: साहेब, राख सांडली शर्टावर.*

कडुलिंबाची पानंसुद्धा माझ्याकडंच बघत होती, असं मला वाटलं.

"सहा वर्षांपूर्वी सोडली ना तुम्ही?" अमृतानं विचारलं. आवाज अगदी हळू. तिचा हळू आवाज हा आमच्या कंपनीच्या भोंग्याहून लांब जातो.

"म्हणजे... दिवसाला एकच..."

प्रेरणानं एक पाऊल मागं घेतलं. माझ्यापासून.

त्या क्षणी जमीन दुभंगावी, असं वाटत होतं. जमीन दुभंगली नाही. फाटकातून सत्यम आला.

लुनावर. मागं आडवी बांधलेली ती तोफ.

"आला रे आला!" कडुबा आप्पा बाकावरून उठून नाचायलाच लागले. "सुदर्शन, शब्दाचा पक्का रं तू! काल दुपारी पाटी वाचली आन लगेच फोन लावला सत्यमला. म्हनलं, 'धूर मुफ्त', आपली जाहिरात लागली बाबा, तीबी सोनेरी किनारीची! पाच वाजता ये, मानसं जमत्यात!"

"आप्पा, नको! थांबवा त्याला!"

"कामून? पयली बारी फुकटच हाय की!"

सत्यमच्या कानांवर भले मोठे हेडफोन. त्याला गर्दी दिसली, पाटी दिसली, हात हलवत धावत येणारा मी दिसलो. त्याला वाटलं, स्वागत करतायत. त्यानंही हात हलवला आणि मशीनची दोरी खेचली.

धडाडधडाडधडाड!

तुम्ही धूर पाहिला असेल. असा नाही! पांढरा, जाड, कापसाच्या गठाणीसारखा. पहिल्या झटक्यात पाटी दिसेनाशी झाली, दुसऱ्यात कडुलिंब, तिसऱ्यात कडुबा आप्पा. आतून फक्त त्यांचा आवाज येत होता, "लई झकास! लई झकास!" ज्या बागेत एक बिडी नको म्हणून मी बेचाळीस घरं फिरलो, त्या बागेत शहराच्या इतिहासात झाला नसेल एवढा धूर, माझ्याच कार्यक्रमात, माझ्याच पाटीच्या आमंत्रणावरून!

"प्रेरणाऽऽ!" अमृता ओरडली.

मी धुरात घुसलो. हाताला एक खांदा लागला, ओढला, तो बसचा ड्रायव्हर निघाला. दुसरा खांदा ओढला, तो कडुलिंब होता.

आणि मैदानाच्या बाजूनं एक आवाज आला. बारीक, पण करवतीसारखा.

"खो!"

मग पावलं. मग पुन्हा, "खो!"

"खो! खो! खो!"

प्रेरणा मैदानाकडं पळाली होती. बसलेल्या ओळीतल्या पहिल्या मुलीच्या पाठीवर थाप, खो! ती उठून फाटकाकडं सुसाट. दुसरीला, खो! तीही सुसाट. गॅलरीतून चार महिने नुसते तोंडी दिलेले खो तिनं एका झपाट्यात वसूल केले. धूर मैदानाच्या कडेला पोचायच्या आत आठही मुली बाहेर, आणि शेवटी ती स्वतः. मला वाटतं, दहा सेकंदसुद्धा लागले नसतील.

मी सत्यमच्या हेडफोनपर्यंत पोचून मशीन बंद केली, तेव्हा सगळी गर्दी रस्त्यावर होती. वारा पश्चिमेचा. धूर सगळा पूर्वेला, पार्किंगकडं चाललेला. त्या अख्ख्या परिसरात त्या घडीला स्वच्छ हवा फक्त एकाच ठिकाणी होती.

पुंजारामच्या पानटपरीवर!

नऊ मुली टपरीला खेटून उभ्या. अमृतानं प्रेरणाला पंपाचे दोन पफ दिले होते आणि ती शांतपणे श्वास मोजत होती. ठीक होती. मी तीनदा विचारलं. ठीक होती.

तेवढ्यात रांगेतला तो पहिला माणूस टपरीवर आला. फुकटचं काही मिळालं नाही, तर निदान विकतची तरी. सिगारेट तोंडात धरली आणि सवयीनं सुंभाकडं वाकला.

"ए भाऊ!" पुंजाराम ओरडला. "हितं नाय! लेकरं हायेत, दिसत नाय व्हय?"

"अरे, पानटपरी आहे ना ही?"

"हाय की! पन आत्ता नाय. तिकडं लांब जाऊन वढ."

आणि पुंजारामनं खांबावरचा सुंभ उपसला आणि पाण्याच्या बादलीत बुचकळला. चुर्रर्र! कुणी सही मागितली नव्हती, कुणी भाषण केलं नव्हतं. मी बावीस मिनिटं जे समजावत होतो, ते पुंजारामनं एका चुर्रमध्ये करून दाखवलं.

मी प्रेरणासमोर उकिडवा बसलो. काहीतरी मोठं, बापाला शोभेलसं बोलायचं होतं. पण तीच बोलली.

"पप्पा, पाटी चुकली. का?"

मला कळलं, हे कुठं चाललंय. पण नियम माझाच होता.

"नईमकाकांनी मुफ्त ऐकलं."

"का?"

"माझ्या तोंडात बडीशेप होती."

"का?"

"सिगारेटचा वास जावा म्हणून."

"सिगारेट का?"

"बसमधून उतरलो, की... सवय आहे बेटा."

"का?"

पाचवा. एकोणीस वर्षांत मी कंपनीत हजारभर तरी 'पाचवे का' सोडवले असतील. नईमभाई, पुंजाराम, आप्पा, सगळे वाट बघत उभे होते. सत्यमनंसुद्धा हेडफोन काढला होता.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग बंद," प्रेरणा म्हणाली. "स्वेच्छेनं."

"स्वेच्छेनं."

"सही करा."

मी सही केली. बेचाळीस घरांच्या यादीत आमच्याच घरासमोरची जागा कोरी होती. दुसऱ्यांच्या सह्या घेण्याच्या नादात राहूनच गेली होती म्हणा. तुम्हाला काय म्हणायचं असेल, ते म्हणा.

असा प्रसंग आला, की माणूस खिशातून पाकीट काढतो आणि दूर भिरकावतो. मीही हात घातला. पण मी एकेकच विकत घ्यायचो, त्यामुळं भिरकावायला काहीच नव्हतं! शेवटी बडीशेपेची पुडी भिरकावली. ती कडुबा आप्पांनी झेलली आणि खाल्ली.

धूर विरायला तासभर लागला. सराव त्या दिवशी झाला नाही. सोमवारी झाला.

पाटी बदलायचं मी म्हटलं, तर नईमभाईंनी हात वर केला. "नक्को, साहब. बदलने की जरूरत नहीं." शिडीवर चढले, ब्रशनं फ च्या डावीकडची उघडी वाटी वरून बंद केली, वरच्या रेषेपासून थोडी तोडली, आणि फ चा क झाला! मुफ्तचं मुक्त! दोन फटकाऱ्यांत!

"देखो," ते खाली उतरून हात पुसत म्हणाले, "फ का मुँह बंद कर दो, तो क बन जाता. आप भी उस दिन मुँह बंद रखते, तो..."

"कळलं, नईमभाई."

"नहीं, बस बोल रया हूँ."

सोनेरी किनार राहू दिली आहे. जवळून पाहिलं, तर तो क जरा सुजल्यासारखा दिसतो. क्वालिटीच्या हिशेबानं नापास आहे. मी पास केला.

सहा ते सात पुंजारामचा सुंभ बादलीत असतो. एक-दोन गिऱ्हाइकं पुढच्या टपरीवर गेली, पण मुलींच्या आया सराव संपेपर्यंत तिथंच उभ्या राहून गोड पान खातात, त्यामुळं त्याची तक्रार नाही. कडुबा आप्पा बिडी घेऊन फाटकाबाहेर जातात, तीन झुरके मारतात, परत येतात आणि दर खेपेला सांगतात, "माझी मर्जी हाय म्हनून जातो हां, तू सांगितलं म्हनून नाय." सत्यमला आमच्या कॉलनीचं काम मिळालं. महिन्यातून एकदा, सकाळी, मुलं शाळेत असताना. प्रेरणा निवडीत बारावी आली. संघात बाराच घेतात.

आणि माझं विचाराल, तर आज सदतिसावा दिवस. कंपनीच्या बसमधून मी आता एक थांबा आधी उतरतो आणि चालत येतो. टपरी टाळायला नाही हो! व्यायाम म्हणून!

बरं, एक थांबा आधीसुद्धा एक टपरी आहे. तिथून मी पळत येतो.

परवा प्रेरणाची गणिताची वही माझ्या हाती लागली. सत्तावीस जूनला, म्हणजे पाटी लागायच्या दोन महिने आधी, तिनं शेवटच्या पानावर लिहिलं होतं: "बागेत धूर नको. पाटी लावायची. पप्पांना आधी सांगायचं, कारण ते पण ओढतात."